तीन मात्रांचं ठिगळ

परीक्षेला महिना उरला की गुरुजी एक फर्माईशी चक्रदार देत. वर्षभर पेशकार, कायदे, रेले यांची घोटणी चालायची, ती सगळ्यांना सारखी. ही चक्रदार मात्र ‘विशारद पूर्ण’ला बसणाऱ्यांनाच मिळे, आणि दर वर्षी नवी. आदल्या वर्षीची कुणी वाजवली तर गुरुजी कान धरत, मग वाजवणारा पंचविशीचा का असेना.

हा क्लास रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातला. ब्राह्मणपारा, तात्यापारा, बुढापारा या पट्ट्यात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बिंबाजी भोसले १७५८ साली रतनपूरला येऊन राहिले, तेव्हापासूनचे आम्ही, असं सांगणारे आहेत; नोकरीपायी नागपुराहून आलेले त्याहून जास्त. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी. माधवराव सप्रे याच शहरात राहिले, हिंदीत नावाजले आणि दासबोधाचं हिंदी भाषांतर करून बसले, यातच इथल्या मराठी माणसाची तऱ्हा आली. तर अशा घरांत मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की त्याला पेटी, गाणं किंवा तबला यापैकी कशाला तरी घालतात आणि गांधर्वच्या परीक्षांना बसवतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद. बरीचशी गाडी मध्यमाला दहावीच्या स्टेशनात थांबते. पुढे जाणारे थोडे.

गुरुजी खैरागढला शिकलेले. तिथल्या राजा-राणीनं लेकीच्या नावानं संगीताला राजवाडा देऊन टाकला आणि १९५६ साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभं राहिलं, हे ते असं सांगत की जणू किल्ल्या त्यांच्याच हाती दिल्या होत्या. दुसरं त्यांचं दैवत रायगढचे राजा चक्रधरसिंह. (आपला किल्ला नव्हे, छत्तीसगढातलं रायगढ.) स्वतः तबला-पखवाज वाजवणारा राजा. त्यानं गमतीच्या फडात नाचणाऱ्या कार्तिकरामसारख्या खेड्यातल्या पोरांना दरबारात आणून कथकचे मोठे नर्तक केलं, दलबादल, कडकबिजली अशा नावांच्या परनी बांधल्या आणि ‘तालतोयनिधी’सारखा अवजड ग्रंथ लिहवून घेतला. “राजा असून वाटत सुटला,” गुरुजी म्हणत, “आणि आमचे उस्ताद लोक बघा.” मग ठरलेली गोष्ट यायची. लखनौच्या बख्शू खाँनी आपली मुलगी फर्रुखाबादच्या हाजी विलायत अलींना दिली तेव्हा हुंड्यात गती दिल्या, असं तबलेवाले सांगतात. सोनंनाणं नाही, गती. बाहेरच्याला त्या मिळायच्या नाहीत. “मला मुलगी एकच, आणि जावई बँकेत. त्याला धा कुठं असतो ते ठाऊक नाही. तेव्हा तुम्हीच घ्या.”

त्या वर्षी विशारद पूर्णला दोघं होती. चिमी आणि भांचा.

चिमी एकोणीस वर्षांची, तात्यापाऱ्यातली, अक्षर मोत्यासारखं. तिच्या वह्या क्लासात फिरायच्या. बोल डाव्या बाजूला, मात्रांचे आकडे खाली, समेवर लाल शाईची फुली. भांचाची वही म्हणजे बिलबुकाची कोरी बाजू. तो गोलबाजारात पूजेच्या आणि लग्नाच्या सामानाच्या दुकानात कामाला होता. बाप भाठागावचा, नवरात्रात जसगीताच्या मंडळीत मांदर वाजवणारा; पोराचे हात मांदरावरच तयार झालेले. त्याचं खरं नाव क्लासात कुणी घेत नसे. त्याची आई गुरुजींना राखी बांधायची, म्हणून तो भांचा, म्हणजे भाचा. रायपूरजवळचं चंदखुरी हे कौसल्येचं माहेर मानतात, त्यामुळे राम अख्ख्या छत्तीसगढचा भाचा. इथं मामा भाच्याच्या पाया पडतो. पहिल्या दिवशी गुरुजींनी वाकून नमस्कार केला तेव्हा पोरगं घाबरून जिन्यापर्यंत गेलं होतं.

एप्रिल लागला आणि गुरुजींच्या डोळ्यांनी असहकार पुकारला. मोतीबिंदू पिकलेला. नागपूरला मुलीकडे जाऊन ऑपरेशन करायचं ठरलं. निघायच्या दिवशी दुपारी क्लासला चिमी एकटी आली. अक्ती तोंडावर आलेली. अक्षय्य तृतीयेला इथं अक्ती म्हणतात आणि मुली मातीच्या बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात, तेव्हा गोलबाजारातल्या दुकानांना श्वास घ्यायला फुरसत नसते. भांचा कुठून येणार? बॅगेचं कुलूप लावता लावता गुरुजींनी चक्रदार सांगितली. मांडीवर हात मारत एकदा, दोनदा, मग रिक्षा आली.

“लिहिलंस?”

“हो.”

“सत्तावीस मात्रांची आहे. फर्माईशी. पहिल्या चक्रातला पहिला धा, दुसऱ्यातला दुसरा, तिसऱ्यातला तिसरा. तिन्ही समेवर. आणि भांचालाही लिहून दे.”

जिना उतरताना त्यांनी हे शेवटचं वाक्य पुन्हा एकदा म्हटलं.

रात्री चिमीनं मोबाइलवर त्रितालाचा लेहरा लावला आणि चक्रदार वाजवून पाहिली. आली आठव्या मात्रेवर. पुन्हा वाजवली, पुन्हा आठवी. तिनं कागद काढला. सुरुवातीचा बोल १२ मात्रांचा, मग तिहाई: ‘तिट कत गदिगन धा’ तीन वेळा. चार-चार मात्रांचे तीन पल्ले, म्हणजे १२. एकूण २४, तीनदा ७२. समेसाठी हव्यात ८१, पाच आवर्तनं आणि वर एक. नऊ कमी पडतात, म्हणजे दर चक्राला तीन. गुरुजी २७ म्हणाले होतेच. घाईत तीन मात्रांचा एखादा तुकडा त्यांच्या तोंडून राहिला असणार, किंवा तिच्या कानातून. तिनं तिहाईच्या आधी तीन मात्रा बसवल्या, ‘तिरकिट तकता तिरकिट’, आणि लेहरा लावला. शेवटचा धा धाडकन समेवर. अंगावर काटा आला. पहिल्या कागदाची घडी करून तिनं ती वहीच्या मागच्या खिशात टाकली आणि नव्या पानावर, नव्या पेननं, सगळी चक्रदार सुवाच्य लिहून काढली.

लिहून काढल्यावर मात्र वही मिटली ती मिटलीच. भांचाला द्यायची होती, दुसऱ्या दिवशी देऊ. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. नंतर आला तर तिची शिकवणी होती. खरं कारण प्रवेशपत्रावर छापलेलं होतं: त्याचा बैठक क्रमांक तिच्या लगेच आधीचा. म्हणजे चक्रदार आधी तो वाजवणार, मग ती. परीक्षक तीच बंदिश अर्ध्या तासात दुसऱ्यांदा ऐकणार; दुसऱ्या वेळी कोण मान डोलावतो? शिवाय भांचाचा हात. तो वजनदार डग्गा तिच्या बोटांत उतरायला अजून वर्षं जाणार होती, हे तिला माहीत होतं. तिच्याजवळ त्याच्याकडे नसलेली एकच गोष्ट होती आणि ती त्या पानावर होती.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. बोल छापले, इयत्ता पाडल्या, चार लोकांसमोर परीक्षा घेतल्या. पेटीत कुलूपबंद असलेली विद्या फळ्यावर आणली. ते गेले १९३१ साली, आणि त्याच वर्षी शिष्यांनी मंडळ उभारलं. हे सारं चिमीच्या शास्त्राच्या पेपरात होतं, तिनं ते पाठ केलं होतं आणि लेखी परीक्षेत छान लिहिलंही असतं. वही तिच्या कपाटात वरच्या कप्प्यात होती.

आठवडाभरानं नागपूरहून फोन आला.

“डोळा उत्तम. भिंतीवरचे पोपडेसुद्धा दिसतात. भांचाला चक्रदार बसली का?”

“बसतेय, गुरुजी. बसलीच.”

हे तिच्या तोंडून असं सहज गेलं की तिला स्वतःलाच नवल वाटलं.

संध्याकाळी सायकल दारात टेकवून भांचा आत आला. हातात दुकानाची पिशवी, केसांत गुलाल. आजीनं दिलेलं पाणी एका दमात प्यायला आणि मग म्हणाला (तो बोलला छत्तीसगढीत, मी इथं मराठीत लिहितोय), “दीदी, गुरुजींचा फोन आला होता दुकानात. म्हणाले, बसलीये ना तुझी चक्रदार, तोंडानं म्हणून दाखव. मी म्हटलं, गिऱ्हाईक उभं आहे, उद्या. पण दीदी, मला नक्की काय बसलंय?”

चिमीचा चेहरा उतरला. भांचा हसत नव्हता. टोमणाही नव्हता त्यात. उद्या फोन येणार, तेव्हा काय म्हणायचं, एवढीच त्याची अडचण होती.

तिनं वही आणली.

भांचानं वहीकडे पाहिलंच नाही. “तू म्हण, मी हातावर धरतो.” टाळी, दोन, तीन, चार. चिमी पढंत करू लागली. पहिलं चक्र संपायच्या आतच तो थांबला.

“सम गेली.”

“अरे शेवटी येतोय समेवर. पूर्ण ऐक तरी.”

पूर्ण ऐकलं. शेवटी आला. भांचानं मान हलवली, पण टाळीचा हात तसाच हवेत. “शेवटी तर येतोच. साध्या चक्रदारालाही शेवटी यावंच लागतं. फर्माईशी म्हणाले होते ना गुरुजी? पहिल्यातला पहिला समेवर कुठं आला?”

“आला असेल. लयीत कळत नाही.”

“मला नाही दिसला.”

चिमीला राग आला. एक तर द्यायची नसलेली वस्तू दिली, वर तिच्यात खोट काढतोय. पण तिनं स्वतः कधी मधले धा मोजले नव्हते, हेही तिला त्या क्षणी कळलं. मोबाइलवरच्या लेहऱ्याला काय, तो वाजत राहतो. तो कधी हात वर करून म्हणत नाही की सम गेली.

आजीचा चिंचोक्यांचा डबा खाली आला. फरशीवर सोळा-सोळा चिंचोक्यांच्या पाच ओळी, आणि सहाव्या ओळीत एकटा एक. ८१. प्रत्येक ओळीचा पहिला चिंचोका म्हणजे सम. आता जिथं जिथं तिहाईतला धा येतो तिथं चिंचोका उचलून पांढरा वाल ठेवायचा. चिमी वहीतून सांगत गेली, भांचा मांडत गेला. नऊ वाल झाले.

पहिल्या चक्रातला पहिला धा: दुसऱ्या ओळीत, तिसरा. दोन मात्रांनी उशिरा.

दुसऱ्या चक्रातला दुसरा: चौथ्या ओळीत, दुसरा. एका मात्रेनं.

तिसऱ्यातला तिसरा: बरोबर समेवर.

तीन वाल फरशीवर तिरके, पायऱ्यांसारखे उतरत आलेले. दोघंही बराच वेळ बघत राहिली. चूक इतकी टापटिपीची असू शकते हे चिमीला ठाऊक नव्हतं.

“दीदी, ते तिरकिट तकता तिरकिट आहे ना, ते गुरुजींचं नाही वाटत. ते असे धावत्या बोलांवरून तिहाईत जात नाहीत. आधी मोकळं सोडतात.”

तो हे कानानं सांगत होता. त्यानं ती चक्रदार गुरुजींच्या तोंडून एकदाही ऐकलेली नव्हती. चिमीनं वहीच्या मागच्या खिशातून घडी काढली आणि त्याच्या हातात दिली. हा कागद तिनं कुणाला दाखवला नसता. खाडाखोड, एका कोपऱ्यात २४ गुणिले ३, त्याखाली ९, त्याखाली ३, आणि त्या तीनभोवती गोल. भांचाला बेरीज-वजाबाकी दुकानामुळे तिच्याहून चांगली येत होती. त्यानं आकड्यांवरून बोट फिरवलं आणि काही बोलला नाही. बोलांवर आला.

“तिट कत गदिगन धा... तिट कत गदिगन... गुरुजी किती घाईत होते?”

“रिक्षा दारात होती.”

“मग तोंडात गोळा झालं असेल. सोड ना ते. तिट. कत. गदि. गन. धा.”

पाच मात्रा. चार नव्हेत. पाचाचे तीन पल्ले म्हणजे १५, सुरुवातीचे १२, सगळे मिळून २७. कुठंही काही राहिलेलं नव्हतं. भरायला रिकामी जागाच नव्हती. चिमीनं तीन मात्रा काढून टाकल्या आणि वाल नव्यानं मांडले. सतरावा, एकोणपन्नासावा, एक्याऐंशीवा. तिन्ही आपापल्या ओळीच्या डोक्यावर, एकाखाली एक. आजी पोळ्या लाटता लाटता डोकावली आणि म्हणाली, “छान दिसतंय. पण मोजून परत भरा, मागल्या वेळी चार कमी होते.”

डबा भरता भरता भांचाला खेळ सुचला. त्यानं दहा-दहाच्या ओळी लावल्या. आठ ओळी आणि वर एक. “दीदी, ये तो झपताल म घलो आवत हे!” झपतालातही येतेय. चिमी वाकून पाहू लागली. फर्माईशी राहत नव्हती, पण तिसऱ्या चक्रातला पहिला धा समेवर, दुसरा सहाव्या मात्रेवर म्हणजे कालावर, तिसरा पुन्हा समेवर. परीक्षेत याचा काही उपयोग नव्हता. दोघं तरी अर्धा तास तेच करत बसली.

खरा त्रास पुढे झाला. चिमीच्या हाताला त्या तीन मात्रा चांगल्याच बसल्या होत्या, आठवडाभर रोज शंभरदा वाजवून. डोक्याला पटलं होतं, बोटांना पटेना. तिहाई जवळ आली की तिरकिट आपोआप निघे. भांचाला मात्र काहीच पुसायचं नव्हतं, त्याची चक्रदार दोन दिवसांत उभी राहिली. तो दुकानातून सुटला की यायचा, समोर बसून टाळी धरायचा, आणि तीन मात्रा आल्या की म्हणायचा, “ठिगळ!” रागावून नाही. गिऱ्हाइकाला सुट्टे परत करतात तसं, सहज. पहिल्या दिवशी किती वेळा म्हणाला ते आजीनं मोजलं असावं, कारण रात्री जेवताना ती म्हणाली, “त्या पोराचा घसा बसेल.” हळूहळू ठिगळं कमी झाली. परीक्षेच्या आदल्या रात्री एकही नव्हतं. दोघांनी त्याबद्दल बोलायचं टाळलं.

मेच्या रायपुरात पारा पंचेचाळिसाला टेकतो. परीक्षेच्या खोलीत मोठा डेझर्ट कूलर लावलेला. बाहेर व्हरांड्यात चिमी आपला तबला ओल्या फडक्याच्या आडोशाला घेऊन बसलेली. उन्हात पुडी ताणली जाते, तबला चढतो. तिनं हातोडीनं गट्टे ठोकून तो काळी चारला आणून ठेवला होता. आतून भांचाचा पेशकार ऐकू येत होता. मग कायदा. मग बराच वेळ शांतता, तेव्हा तोंडी प्रश्न चालले असणार. मग चक्रदार. तिनं डोळे मिटून मात्रा धरल्या. पहिला धा, समेवर. दुसरा. तिसरा. आतून कुणीतरी “वा” म्हणालं.

बाहेर आल्यावर कसं झालं हे भांचानं सांगितलंच नाही. “दीदी, उजव्या हाताला बसू नको. कूलरचा झोत तिथंच येतो. दमट वाऱ्यानं माझा तबला अर्धा सूर उतरला. भिंतीकडं बस.” आणि खाली बसून घाम पुसत, “तालाचे दहा प्राण विचारले. सातच आठवले.”

चिमी भिंतीकडं बसली. पेशकार बरा झाला. रेल्यात दुप्पट घेताना बोल थोडे गढूळ झाले, परीक्षकांनी काहीतरी टिपून घेतलं. मग चक्रदार. पहिलं चक्र झालं आणि परीक्षकांनी हात वर केला.

“आधीचा मुलगा हीच वाजवून गेला. एकाच गुरूंचे?”

“हो.”

“मग ती मी ऐकली. वाजवू नका. पढंत करा, हातावर. त्रितालात नको, झपताल धरा.”

पेटीवाले हसले. असा प्रश्न म्हणजे मुलीला पेचात टाकणं, हे सगळ्यांना कळत होतं. चिमीनं हात मांडीवर ठेवले. टाळी, दोन, टाळी, दोन, तीन, काल, दोन, टाळी, दोन, तीन. दहाच्या आठ ओळी, वर एक. तिला गणित करावं लागलंच नाही, वाल कुठं होते ते दिसत होतं. शेवटचा धा समेवर पडला.

“फर्माईशी राहिली?”

“नाही. पहिल्या दोन चक्रांत एकही धा समेवर येत नाही. तिसऱ्यात पहिला समेवर, दुसरा कालावर, तिसरा समेवर.”

परीक्षकांनी स्वतः मांडीवर बोटं टाकून पाहिली. मग पुन्हा पाहिली. “हे गुरूंनी दाखवलं?”

“नाही. आत्ता येऊन गेला ना, त्यानं.”

“त्याला हे विचारायला हवं होतं,” परीक्षक म्हणाले, “मी दहा प्राण विचारत बसलो.”

दोघंही पास झाली. कुणाला किती, ते ज्यांनी विचारलं त्यांना त्यांनी सांगितलं.

गुरुजी काळा चष्मा लावून परतले तेव्हा दोघं भेटायला गेली. चिमीनं पेढे ठेवले, त्यावर वही ठेवली, चक्रदाराचं पान उघडून. सगळं सांगितलं: आठवी मात्रा, २४ गुणिले ३, तीन मात्रांची भर, चिंचोके. फोनवर काय म्हणाली होती, तेवढं सांगितलं नाही. भांचानंही नाही. तो पेढ्यांकडे बघत होता.

गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला, पान डोळ्यांजवळ नेलं. नव्या डोळ्यानं त्यांना अक्षर इतकं स्पष्ट दिसत होतं की ते आधी अक्षराचंच कौतुक करत बसले. मग हातावर ताल धरून ती ठिगळाची चक्रदार, जशी लिहिली होती तशी, एकदा म्हणून पाहिली. समेवर आले. पुन्हा म्हटली, जरा चढ्या लयीत.

“ह्या तीन मात्रा कुणाच्या?”

“माझ्या.”

“फर्माईशी नाही ही.”

“माहितेय.”

“पण साधी चक्रदार म्हणून वाईट नाही. तिरकिटातून तिहाईत जाताना उडी चांगली आहे, मला नसती सुचली. खाली तुझं नाव घाल, तारीख घाल. पुढच्या वर्षी मध्यमाच्या मुलांना देऊ.” त्यांनी वही मिटून तिच्या हातात दिली आणि पेढा उचलला. “आणि भांचालाही लिहून दे.”

“त्याला तोंडपाठ आहे,” चिमी म्हणाली.